डिझेलला मिशा नसतात

डहाणूला समुद्र आहे, म्हणून डहाणू तालुक्याच्या वाट्याला ‘डोंगरउतारावरील शेती’ हा विषय आला. मोखाड्याला डोंगराशिवाय दुसरं काही नाही, म्हणून मोखाड्याला ‘बंदरांचा विकास’. आणि आमच्या जव्हारला, जिथे आगगाडीची शिट्टी वाऱ्यावरसुद्धा कधी आलेली नाही, ‘रेल्वेची प्रगती: डिझेल इंजिनाचे चालते मॉडेल’. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं प्रदर्शन जव्हारच्या शाळेत भरायचं होतं आणि ही वाटणी वरून परिपत्रकाने आली होती. वर म्हणजे नेमकं कुठे, ते विचारायचं नसतं.

कचेरीतले हेडक्लार्क भले गृहस्थ. ते म्हणाले, गठ्ठे बांधताना अदलाबदल झाली असेल, एकदा कळवून बघू. कळवलं. उत्तर आलं की चूक झालेली नाही. ज्या भागात जी गोष्ट नाही तिची त्या भागाला ओळख व्हावी, हाच हेतू आहे. या हिशेबाने आमच्या भागासाठी विषयांचा तोटा पुढची पन्नास वर्षं पडणार नव्हता.

आता हे करणार कोण? कचेरीतल्या सगळ्या माना आमच्या ह्यांच्याकडे वळल्या.

त्याला कारण होतं. संस्थान होतं तेव्हा हे राजवाड्यावरचं दिव्यांचं इंजिन चालवत. तेलावरचं, भलंदांडगं, ह्यांच्याशिवाय कुणाचं न ऐकणारं. संस्थान विलीन झालं तशी सगळी माणसं मुंबई सरकारात सामावून घेतली. पण सरकारच्या पदांत ‘इंजिनवाला’ असं पद काही सापडेना. म्हणून ह्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून हे आलेल्या कागदावर शिक्का मारत आणि गेलेल्या कागदावर शिक्का मारत, आणि घरी येऊन जेवत. “भाजी कशी झालीय?” “ठीक.” एवढं आमचं दिवसाचं संभाषण. पूर्वी ह्यांच्या बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं असायचं. साबण पुरत नाही म्हणून मी कुरकुर करायची. आता नखं पांढरीशुभ्र, आणि साबणाची वडी झिजता झिजत नव्हती. बायकांना काय हवं असतं ते पुस्तकांत बरंच लिहिलेलं असतं. न झिजणारा साबण त्यात कुठे नाही.

त्यातच तळ्यावर पंप बसणार असं ठरलं. गावाला नळ येणार. पंपाचं डिझेल इंजिन खोक्यांत भरून येऊनही पडलं होतं, फक्त चालवणारा हवा होता. ह्यांनी अर्ज केला. प्रमाणपत्र जोडा, असं उत्तर आलं. ह्यांनी राजवाड्याचं जोडलं. मग असं उत्तर आलं की सदर शिक्का ज्या संस्थानाचा आहे ते संस्थान अस्तित्वात नसल्याने प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं हे अस्तित्वात नसलेल्या वाड्यात अस्तित्वात नसलेले दिवे लावत होते. मी म्हटलं, बरं झालं, रॉकेल वाचलं.

पण ते वाचून हे दोन दिवस ‘ठीक’ सुद्धा म्हणाले नाहीत.

आणि आता प्रदर्शनाला, ज्यांच्या हाताखाली तो पंप बसायचा होता ते इंजिनियरसाहेब यायचे होते. मी मनाशी म्हटलं, कागद चालत नाही ना, मग हात दाखवू. ह्यांना म्हटलं, “तुम्ही हो म्हणा.” हे म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो, ‘हो’ म्हणजे ऐकलंच नाही.

पहिली अडचण अशी की डिझेलचं रेल्वे इंजिन गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. डहाणू रोडला गेलेल्यांनी पाहिली होती ती धुराची इंजिनं. चित्र शेवटी मीच शोधलं. माझी शाळा चौथीला सुटली; पुढचं सगळं शिक्षण किराणा दुकानाच्या पुड्यांवर झालं. त्यामुळे माझं ज्ञान मध्येच सुरू होतं आणि मध्येच फाटतं. तर गुळाच्या पुड्याच्या कागदावर एका नव्या डिझेल इंजिनाचा फोटो होता. लांबट पेटीसारखं, धुराडं नसलेलं, एका बाजूने काढलेलं. फक्त त्याच्या तोंडावर गुळाचा डाग पडला होता. पुढून ते कसं दिसतं हे त्यामुळे गुळालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पाणी भरून आले तर खाटेवर माझा ग्रामोफोन उघडा पडलेला, आतडी बाहेर. भावाने भाऊबीजेला दिलेला होता. घरात हौसेची म्हणावी अशी ती एकच वस्तू.

“अहो, विचारायचं तरी!”

“तू हो म्हणाली असतीस की.”

“म्हणाले असते.”

“मग?”

या ‘मग’ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

फोनोच्या स्प्रिंगवर इंजिन चालवायचं असा बेत होता. पण फोनो तबकडी आडवी फिरवतो आणि गाडीची चाकं उभी फिरायला हवीत. फिरणं वळवायला दातेरी चाकं लागतात. ती शिवणयंत्रात होती. शिवणयंत्रही गेलं. उरलेली दातेरी चाकं ह्यांनी पितळी तांब्याचं बूड कापून, कानशीने घासून घासून केली. मला तांब्याचं कळलं तेव्हा पाहुणे ओसरीवर बसले होते आणि मी पाणी न्यायला आत आले होते.

पण एक झालं. हे बोलायला लागले. जेवताना, हात धुताना, मी चूल फुंकताना. “हे बघ, ही भाकरी म्हणजे इंजिन समज. हलकं केलं तर चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, पकड बसत नाही. पकड बसावी म्हणून जड केलं, तर स्प्रिंगला ओढवत नाही.”

“मग मध्यम करा.”

“मध्यम म्हणजे किती? सगळं शास्त्र तिथेच तर अडलंय!”

भाकरी गार व्हायची. संसारातही नेमकं तिथेच अडतं, असं सांगावंसं वाटायचं, पण त्यांना थांबवणं माझ्या जिवावर यायचं. मी पेंगत पेंगत हुंकार देत बसायची.

मग रूळ. खोक्यांच्या लोखंडी पट्ट्या मिळाल्या. त्यांच्याखाली घालायला सागाच्या चिपा हव्या होत्या. आमच्याकडे चहूबाजूंनी साग आहे, म्हणून साग मिळणं सगळ्यांत कठीण. जंगलखात्याकडे अर्ज करावा लागला. ह्यांनी आवक-जावकच्या शिस्तीत लिहिलं, ‘जव्हार येथील रेल्वेसाठी सागाचे स्लीपर मिळणेबाबत’. मॉडेल हा शब्द राहिला. जंगलखात्याने कळवलं की जव्हारला रेल्वे मंजूर झाल्याचे या कार्यालयास ज्ञात नाही, तरी मार्गाचा नकाशा सादर करावा. हे पत्र आणणाऱ्या शिपायाने वाटेत दोन ठिकाणी चहा घेतला, आणि बाजारात बातमी फुटली की रेल्वे येणार.

संध्याकाळी शेजारचे तुका गुरुजी आले. गुरुजी प्राथमिक शाळेत सगळे विषय शिकवतात, म्हणून सगळ्या विषयांवर बोलतात. त्यांच्यामागे त्यांच्या मंडळी, हौशीताई.

“हिराबाई, स्टेशन कुठे होतंय तेवढं सांगा,” हौशीताई म्हणाल्या. “आमच्या परसावरून रूळ गेले तर माझी शेवग्याची झाडं जातील.”

“स्टेशन शिरपामाळावर हवं,” गुरुजी म्हणाले. “महाराजांचा मुक्काम झालेली जागा. उतारूंना उतरल्या उतरल्या इतिहास.”

मी त्यांना ओसरीवरचं इंजिन दाखवलं. गुरुजींनी चष्मा लावून ते सगळीकडून पाहिलं.

“धुराडं?”

“डिझेलला नसतं,” हे म्हणाले.

“असं कसं? धूर नाही तर गाडी आली हे लांबून कळणार कसं?”

“धुराविना चूल पेटली म्हणून कोण मानील?” हौशीताई म्हणाल्या. “लोक हसतील हो तुम्हाला. एक छोटंसं लावा. शोभेपुरतं.”

त्या आठवड्यात निम्मं गाव येऊन गेलं आणि निम्म्या गावाने धुराडं मागितलं. एकाने तर घरून पन्हाळीचा तुकडा कापून आणला. हे ऐकेनात. राजवाड्यावर असताना राजांच्या पाहुण्यांनाही इंजिनाला हात लावू न देणारा माणूस. तो पन्हाळीला काय दाद देणार! चिपा मात्र शेवटी आमच्या मोडक्या पाटाच्या झाल्या. पाटाला जंगलखात्याची परवानगी लागत नाही, अजून तरी.

राहिला वरचा सांगाडा. पत्र्याचा केला तर स्प्रिंग धापा टाकू लागली. हलका हवा, पण दिसायला भक्कम. तेव्हा बाजाराला आलेला खोडाळ्याचा देवजी मला आठवला. त्या बाजूला चैत्रात देवीपुढे बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून सोंगं नाचवतात. ते मुखवटे देवजी करतो; कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ, डोक्यावर घेतलं तर फूल.

देवजीने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

“बाय, याचा तोंड कुठं हाय?”

“तिथे गुळाचा डाग पडलाय.”

“म्हंजे तोंड हाय. डागाच्या खाली हाय.”

हे काही मला खोडता येईना. तो कागद कमरेला खोचून गेला, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पोतं पाठीवर घेऊन आला. पोत्यातून सांगाडा काढून ओसरीवर ठेवला.

पेटी सुरेख झाली होती, हिरवीगार, खिडक्यांसकट. पण पुढच्या बाजूला दोन बटबटीत डोळे, दातांची पांढरी रांग, आणि या कानापासून त्या कानापर्यंत मिशा. कानही होते.

“देवजी,” हे म्हणाले, “डिझेलला मिशा नसतात.”

“तुमी बगितलाय का डिझेल?”

“नाही, पण—”

“मंग?”

‘मग’पुढे आमच्या घरात कुणाचंच काही चालत नाही, हे बघून मला जरा बरं वाटलं.

“निदान एकदा चढावर चालवून बघू,” ह्यांनी सांगाडा उचलला. देवजीने तो हातातून काढून घेतला.

“नाय चालवायचा. सोंग आधी मानसांम्होरं निगतं. घरात नाचवला तं उतरतं.”

“अरे, हे सोंग नाही!”

“तोंड हाय ना?”

शेवटी आदल्या दिवसाची चाचणी राहिली ती राहिलीच. सोंगाबरोबर करणारा असावा लागतो, म्हणून देवजी आमच्याच ओसरीवर मुक्कामाला राहिला. हे पहाटेपर्यंत कूस बदलत होते. मी म्हटलं, “होईल नीट.” हे म्हणाले, “पकड नाही बसायची.” मग भिंतीकडे तोंड करून, “बसली नाही तर मी त्या टेबलावरच रिटायर होणार बघ.” इतक्या दिवसांच्या बोलण्यात भाकरीचा दाखला न देता सांगितलेली ही एकच गोष्ट.

प्रदर्शन सकाळी होतं. शाळेच्या पडवीत एका रांगेत तालुके मांडलेले. आमचा घाट टेबलभर लांब: एका बाजूने चढ, माथा, दुसऱ्या बाजूने उतार. उतार जिथे संपत होता तिथे लगेच मोखाड्याचं बंदर होतं. मोखाडेकरांनी एका मोठ्या घंगाळात निळीचं पाणी भरून त्यात कागदाच्या होड्या सोडल्या होत्या आणि कडेला बांबूचं दीपगृह. त्यांच्यापैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता, पण घंगाळ पाहिलं होतं, आणि त्याचा आत्मविश्वास कामात दिसत होता. चढाच्या पायथ्याशी उद्घाटनाची समई तेवत होती. स्वागताला संबळवाले बोलावलेले. ते खोडाळ्याचेच, देवजीला पाहून त्यांनी राम राम घातला आणि आमच्या इंजिनाच्या मिशा पाहून एकमेकांकडे पाहिलं.

कलेक्टरसाहेब आले, त्यांच्याबरोबर पांढऱ्या पॅंटीतले इंजिनियरसाहेब. चेहऱ्यावरून ते माझ्याइतकेच दमलेले दिसत होते. डोंगरात सपाट शेती आणि समुद्रकाठी डोंगरशेती पाहत ते आमच्यापुढे येऊन थांबले.

“डिझेल?” कलेक्टरसाहेबांनी विचारलं. ते मिशांकडे पाहत होते.

“होय साहेब, आधुनिक,” मामलेदार म्हणाले.

ह्यांनी चावी भरली. मी बायकांच्या घोळक्यातून पाहत होते. कळ दाबली. इंजिन सपाटीवर झोकात निघालं, फोनोच्या संथ चालीने, अगदी मैफल सुरू व्हावी तसं. चढ लागला. थोडं चढलं. चाकं जागच्या जागी गरगरली, आणि इंजिन मागे घसरलं. परत चढलं, परत घसरलं. पुढे, मागे. पुढे, मागे.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. मी मोखाड्याच्या होड्या मोजू लागले.

“हे असं का करतंय?” कलेक्टरसाहेब.

“घाट आहे साहेब,” मामलेदार म्हणाले.

पण बोहाड्यातलं सोंग नेमकं असंच चालतं. चार पावलं पुढे, दोन मागे, डुलत. संबळवाल्यांना आता राहवलं नाही. एकाने टिपरी मारली, दुसऱ्याने साथ धरली, आणि पडवीत खणखणून ठेका सुरू झाला. खेड्यांवरून आलेली माणसं जागची उठली. कुणी हात जोडले. एका म्हातारीने पुढे येऊन इंजिनाच्या कपाळाला कुंकू लावलं. ते मागे आलं की लावायचं, पुढे गेलं की थांबायचं.

आणि सोंग रंगात आलं की त्याच्यापुढे राळ उडवतात. राळेची पूड पलित्यावर मारली की भपकन जाळ होतो. देवजीच्या कमरेला राळेची पिशवी होती, कारण सोंगाबरोबर ती असतेच. पलिता नव्हता, पण समई होती. माझ्या तोंडून “अरे, कागद—” एवढंच बाहेर पडलं.

भप्प!

समईवरून जाळ उठला आणि छताला काळा धूर भिडला.

“धूर!” गर्दी ओरडली. “धूर निघाला! निघाला!”

“सांगत होतो मी,” तुका गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “धुराशिवाय इंजिन नाही!”

देवजीने आणखी एक मूठ मारली. अर्धी राळ जळाली, अर्धी उडून रुळांवर पडली. राळ म्हणजे चिकट वस्तू. चाकं एकदा गरगरली, दुसऱ्यांदा गरगरली, आणि त्यांनी धरलं. इंजिन चढू लागलं. न घसरता, न थांबता, सरळ. ह्यांचे दोन्ही हात नकळत वर गेले.

“पकड बसली!” हे एवढ्या मोठ्याने ओरडले की लग्नापासून मी हा आवाज ऐकलेला नव्हता.

फक्त त्याच वेळी उजव्या मिशीने पेट घेतला होता.

इतके दिवस सगळा विचार चढण्याचा झाला होता. उतरताना थांबायचं कसं, हा विचार कुणी केलेला नव्हता. ब्रेक ही वस्तू आमच्या बोलण्यातसुद्धा आली नव्हती, भाकरीच्या रूपानेही नाही. जळत्या मिशीचं इंजिन माथ्यावर क्षणभर डुललं, गर्दीकडे दात विचकून पाहिलं, आणि उताराला लागलं. फोनोची संथ चाल तिथे संपली. रुळांच्या टोकावरून ते उडालं आणि थेट मोखाड्याच्या बंदरात.

निळीचं पाणी इंजिनियरसाहेबांच्या पॅंटीवर कमरेपर्यंत उडालं. संबळ थांबला. घंगाळातून चर्र आवाज आला, मग नुसती वाफ. एक मिशी होड्यांच्या मधून तरंगत दीपगृहाला लागली.

मामलेदार परिपत्रकासारखे कोरे झाले होते. पाण्याच्या तळातून मात्र घुर्र घुर्र ऐकू येत होतं. स्प्रिंग अजून चालूच होती.

इंजिनियरसाहेबांनी बाही वर केली, घंगाळात हात घातला आणि इंजिन बाहेर काढलं. ओल्या लगद्याचं तोंड गळून पडलं. उरलं ते नुसतं यंत्र, चाकं अजून फिरत असलेलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, डोळ्यांजवळ नेलं.

“ही दातेरी चाकं कुणी कापली?”

“मी,” हे म्हणाले. “तांब्याचं बूड होतं. कानशीने.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“वजनाची भानगड आहे साहेब,” हे म्हणाले, आणि सुटले. हलकं केलं तर पकड नाही, जड केलं तर ताकद नाही, राळेने पकड कशी बसली, पुढच्या वेळी चाकांपुढे राळ सोडायची नळी कशी करता येईल. बोलता बोलता धोतराच्या सोग्याने निळं पाणी पुसत होते, आधी यंत्राचं, मग साहेबांच्या पॅंटीचं. कलेक्टरसाहेब उभे आहेत याचं भान कुणाला नव्हतं. मीच एक लाजेने अर्धी झाले होते.

“तेलाचं इंजिन चालवलंय कधी?” साहेबांनी मध्येच विचारलं.

“राजवाड्यावरचं. जोडलंही होतं मीच.”

“प्रमाणपत्र?”

आणि हे गप्प झाले. एकदम, आवक-जावकच्या टेबलासारखे. आता पुन्हा ‘ठीक’ ऐकू येणार असं दिसलं, तशी पदर सावरून मी बायकांच्या घोळक्यातूनच बोलले, “आहे साहेब. पण ज्या राज्याने दिलं ते राज्यच सरकारने घेतलं. राज्य घेतलंत तर शिक्काही घ्या की.”

हौशीताईंनी मला मागून चिमटा काढला. अजून वळ आहे.

इंजिनियरसाहेबांनी आपल्या निळ्या पॅंटीकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला. “तळ्यावर माझी खोकी पावसाळ्यापासून पडलीत,” ते म्हणाले. “प्रमाणपत्रवाला माणूस या घाटात यायला तयार होत नाही. सोमवारपासून या. तात्पुरते.”

पहिलं बक्षीस मोखाड्याच्या बंदराला मिळालं. अडचणीच्या वेळी बंदर उपयोगी पडल्याचं सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं, त्यामुळे कुणाला हरकत घेता आली नाही.

यंत्र वाळवून हे ते माझ्या फोनोत परत बसवणार होते. नेमका चैत्राच्या तोंडावर देवजी आला. एकदा माणसांपुढे निघालेलं सोंग दर वर्षी निघावं लागतं, नाही तर देवी रुसते, म्हणाला. नवं तोंड करून ठेवलं होतं, मिशा पहिल्याहून मोठ्या. हे माझ्याकडे पाहायला लागले. या वेळी विचारत होते, एवढं तरी. मी म्हटलं, “न्या.”

हे अजून तात्पुरतेच आहेत. प्रमाणपत्रवाला माणूस घाट चढून आला की ह्यांना सोडावं लागेल. त्याचीही पकड बसत नसावी. तळ्यावरचं इंजिन सकाळी सुरू झालं की धडधड सगळ्या गावाला ऐकू जाते आणि गुरुजी खिडकी लावून घेतात. दुपारी हे काळे हात घेऊन येतात आणि जेवताना पंपाबद्दल इतकं बोलतात की माझं डोकं उठतं. साबणाची वडी आठवडाभर टिकत नाही. मी कुरकुर करते. फोनोची रिकामी पेटी चांगल्या लाकडाची आहे, फेकवत नाही. साबण मी तिच्यात साठवून ठेवते.